लाल नावाची लेकरं

फिल्डवरून आलं की आम्ही आधी पाणी पितो, मग काय घडलं ते एकमेकांना सांगतो, आणि रिपोर्ट त्यानंतर. रिपोर्टात ‘गृहभेट दिली, पालकांचे समुपदेशन केले’ एवढंच जातं. बाकीचं सगळं आमच्यापाशीच राहतं. ते आता इतकं साचलंय की ऑफिसात नवीन माणूस आला तर ट्रेनिंगच्या आधी त्याला हेच ऐकावं लागतं.

आधी काम काय ते सांगते. शाळेतल्या प्रत्येक लेकराची माहिती आता कॉम्प्युटरवर असते. हजेरी, मार्क, शाळेचं अंतर, मोठी भावंडं कुठवर शिकली, आईबाप कामाला बाहेरगावी जातात का. दिल्लीतल्या हुशार लोकांनी एक मॉडेल बनवलं. त्याला देशभरातल्या पोरांची जुनी माहिती दाखवली, आणि आता ते अंदाज सांगतं, कोणतं लेकरू शाळा सोडेल. शक्यता कमी तर नाव हिरवं, मध्यम तर पिवळं, जास्त तर लाल. आधी काही जिल्ह्यांत करून बघायचं ठरलं, त्यात आमचा हिंगोली आला. लाल नाव दिसलं की पोरगं शाळा सोडायच्या आत त्याचं घर गाठायचं.

गाठणारे आम्ही दोघं. मी, म्हणजे खिल्लारे मॅडम, आणि आमचे राठोड सर. तांड्यावर वाढलेले, उंच, कमी बोलणारे. कॉम्प्युटरपाशी बसतो तो इंगोले. तो तर त्याहून कमी बोलतो.

*

पहिलीच भेट गोरेगावची. आठवीतल्या पोराचं नाव लाल आलं होतं. त्याची आजी ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. मी नीट समजावून सांगितलं, की मावशी, कॉम्प्युटर म्हणतो तुमचा नातू यंदा शाळा सोडण्याची शक्यता आहे.

आजीनं शेंगा बाजूला ठेवल्या, हात पुसले आणि आतून त्याची जन्मपत्रिका घेऊन आली.

“हे बी दाखवा त्याला,” म्हणाली. “दोन्ही जुळतंय का बगा.”

राठोड सर म्हणाले, “मावशी, हे भविष्य न्हाई. अंदाज हाय.”

“असू द्या. दोष निघाला ना? मग शांती कोणती करायची ते सांगा.”

ट्रेनिंगमध्ये आम्हाला रंग शिकवले होते, शांती कुणीच शिकवली नव्हती. सरांनी पत्रिका आजीच्या हातात परत दिली. मग म्हणाले, “सकाळी उठवायचं, डबा द्यायचा आणि शाळेत पाठवायचं. रोज.”

आजी म्हणाली, “लय कडक शांती हाय.”

पण केली तिनं. पोरगं नववीत गेलं.

*

एकदा पुसेगावच्या पलीकडच्या एका शाळेतला आख्खा वर्ग एकदम लाल झाला. इंगोलेनं स्क्रीनकडे बघत नुसतं “मॅडम” म्हटलं, पण ते असं म्हटलं की मी जागेवरून उठलेच. सगळा वर्ग शाळा सोडून चाललाय म्हणजे काय? मुकादम येऊन घरंच्या घरं ऊसतोडीला घेऊन गेला असेल, असंच आमच्या मनात आलं. तसं आधी झालेलं आहे. आम्ही दोघं तसेच निघालो.

शाळेत पोचलो तर आतून पाढ्यांचा आवाज येत होता. गुरुजी दारात आले. मागं वर्ग गच्च भरलेला.

सर म्हणाले, “गुरुजी, पोरं गेली म्हणून कळलं आमाला.”

“पोरं कुठं जाऊन राहिली?” गुरुजी म्हणाले. “नेटवर्क गेलंय. हजेरी चढतच न्हाई.”

सरांनी व्हरांड्यात टेकून पोरांचे पाढे शेवटपर्यंत ऐकले. मला वाटलं दमलेत. परतताना म्हणाले, “बरं वाटलं.”

*

एका सोमवारी इंगोले माझ्या टेबलापाशी आला आणि उभाच राहिला. लाल नावांत माझा सख्खा भाचा होता. हिंगोलीत राहणारा, माझ्या भावाचा मुलगा. नियम असा की भेट ज्याच्या भागात, त्यानंच द्यायची, आणि हिंगोली शहर माझ्या भागात. सर म्हणाले, मी जातो. मी म्हटलं, नको, नियम तो नियम.

वहिनीनं दार उघडलं. माझ्या हातातला टॅब बघितला.

“आज आत्या म्हणून आलात का सरकार म्हणून?”

“सरकार म्हणून.”

“मग बसा खुर्चीवर. नाहीतर एरवी स्वयंपाकघरातच येता.”

चहा आला तोही कपबशीत, पाहुण्यांच्या. वहिनीचा चेहरा उतरला होता. भाऊ बँकेत नोकरीला, ती स्वतः शिकलेली. त्यांच्या घरात लाल नाव कसं, हा तिचा प्रश्न. मी विचारलं, हजेरी इतकी कमी कशी? तिला माहीतच नव्हतं. ती रोज डबा देत होती, तो रोज दप्तर घेऊन निघत होता.

पोरगं आतल्या खोलीत होतं. मी जाऊन जवळ बसले. खाली बघत म्हणालं, “आत्या, फळ्यावरचं दिसत न्हाई. सर म्हणतात लक्ष न्हाई तुझं. मग मी मैदानातच बसतो.”

त्याच संध्याकाळी आम्ही त्याचे डोळे तपासून घेतले. चांगला जाड चष्मा लागला. चष्मा घालून दुकानाबाहेर आला आणि समोरच्या पाट्या मोठ्यानं वाचत सुटला. एसटी डेपोपर्यंत एक पाटी सोडली नाही. वहिनी मागून चालत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. मला म्हणाली, “कॉम्प्युटरला दिसलं, मला दिसलं न्हाई.”

मी म्हटलं, “चष्मा कॉम्प्युटरलाबी दिसला न्हवता, वहिनी. नुसतं पोरगं वर्गात न्हाई, एवढंच दिसलं त्याला.”

*

इंगोलेला एकदा काम नव्हतं. म्हणाला, “सर, तुमची लहानपणची माहिती टाकून बघू का?” सरांनी मान हलवली. तो विचारत गेला, सर सांगत गेले. शाळा किती लांब? नाल्याच्या पलीकडं. आईवडील? ऊसतोडीला जायचे. थोरला भाऊ? चौथीत सोडली.

स्क्रीनवर गडद लाल आलं. इंगोले ओशाळला आणि पुसायला लागला.

“राहू दे,” सर म्हणाले. “बराबर हाय ते. सोडलीच होती मी.”

आम्हाला हे माहीत नव्हतं. मी विचारलं, मग परत कसे गेलात?

“गुरुजी आले होते तांड्यावर. लेडीज सायकलवर. सगळे हसून राहिले होते त्यांना.” सर स्क्रीनकडंच बघत होते. “मी बी हसलो होतो. मग मागं बसून गेलो.”

*

आणि ही निकिता.

गोरेगावची नववीतली पोरगी, शाळेच्या ड्रेसवर, एकटीच ऑफिसात आली. दारातून विचारलं, “लाल नावं इथंच होतात का?”

मी म्हटलं, व्हय, ये आत.

“माझं नाव लाल करा.”

इंगोलेनं नाव शोधलं. हिरवंगार. हजेरी पूर्ण, मार्क उत्तम, शाळा घराजवळ. तो म्हणाला, “तुझं तर लय चांगलं हाय.”

“म्हणून तर आमच्याकडं कोणी येऊन न्हाई राहिलं,” ती म्हणाली. “शेजारच्या पूजाकडं तुमी आलात. तिच्या घरचे आता तिला शाळेत पाठवून राहिले. आमच्याकडं रविवारी पाहुणे यायलेत. मला बघायला.”

इंगोलेनं सरांकडं बघितलं. मग सर इंगोलेला म्हणाले, “कर.”

“कारण काय लिहू?”

“तिनं सांगितलं तेच लिही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिच्या घरी. वडिलांनी खाट टाकली. निकितानं पाणी आणलं, आमच्याकडे असं बघितलं की जसं काही पहिल्यांदाच बघतेय. सरांनी सांगितलं, तुमच्या मुलीचं नाव लाल आलंय, ती शाळा सोडेल असं दिसतंय.

वडील म्हणाले, “सर, पोरगी एक दिवस घरी राहत न्हाई. कॉम्प्युटरला काहून असं वाटलं?”

“त्याच्याकडं माहिती येते, दादा.”

वडिलांनी घरात बघितलं, मग आवाज खाली आणला. “पाहुण्यांची बी?”

सर पाणी प्यायले. कॉम्प्युटरला सगळं कळतं असं त्यांना वाटू देणं मला पटलं नव्हतं, पण मीही पाणी प्यायले. मग सरांनी शांतपणे, न रागावता, तिचं वय, कायदा, पुढची शाळा सगळं सांगितलं. वडील खाली बघून ऐकत होते. आम्ही उठलो तेव्हा ते फोन लावत होते. रविवारी कुणी आलं नाही. निकिता आता दहावीत आहे.

पुढं दिल्लीहून एक तरुण मॅडम पाहणीला आल्या. शाळा सुटता सुटता वाचलेल्या पोरांची नावं त्या एकेक बघत होत्या. निकितापाशी थांबल्या. हजेरी पूर्ण, मार्क उत्तम. त्यांचा चेहरा उजळला.

“ये बच्ची तो हर हिसाब से ग्रीन है। फिर भी आपने सही पकड़ा। इसको रेड किसने किया?”

आम्ही इंगोलेकडं बघितलं. तो उभा राहिला.

“वो खुद आयी थी, मॅडम. गोरेगाव की जीप से.”