टोफूवर टेकवलेला हात

नेदरलँड्समधल्या रायस्वाइकला मी श्रीखंडाच्या ऑर्डरी घ्यायला लागले, तेव्हा चक्का कधी पातळ व्हायचा, कधी कोरडा ठाक. टायमर लावून लावून वैतागले. शेवटी कोपऱ्यावरच्या चिनी दुकानात रोज टोफू करणाऱ्या आजींना मोडक्यातोडक्या डचमध्ये विचारलं, "किती मिनिटं निथळू देता?"

त्यांनी माझा हात धरून फडक्यात दाबलेल्या कोमट टोफूवर टेकवला. "अजून नाही," म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा टेकवला. या खेपेला फडक्याखाली मऊ, जिवंत काहीतरी लागलं, थेट बाळाची टाळू भरताना लागायचं तसं. त्या दुकानात घड्याळच नव्हतं!

घरी येऊन टायमर ड्रॉवरमध्ये टाकला आणि टांगलेल्या चक्क्याला तळवा लावला. तळवा म्हणाला, "अजून नाही."