मापात बसलेला कोट

मेजर लष्करात मेजर कधीच नव्हते. ते होते ट्रक ड्रायव्हर. दोन लढायांत जखमींनी भरलेल्या गाड्या त्यांनी खाचखळग्यांतून सुखरूप मागे आणल्या, आणि निवृत्तीनंतर पंचवीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये "आरसा बघा, आरसा!" म्हणत निम्म्या गावावर खेकसले. त्या खेकसण्यानंच त्यांना ही बढती मिळाली. घरात मात्र माणूस अगदी मऊ. लेकीच्या वेण्या तेच घालायचे, भांग पट्टीनं आखल्यासारखा. जेवणाआधी त्यांची प्रार्थना लांबली की टेलरबाई खाकरायच्या, आणि मेजर मुकाट्यानं आमेन म्हणायचे.

टेलरबाई म्हणजे त्यांची बायको. चाळीस वर्षं पुढच्या खोलीत मशीन चालवलं त्यांनी. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की टेप न लावता कंबर सांगायच्या.

आठ महिन्यांपूर्वी मेजरांनी पेटीतला लष्करी कोट काढला. "हा जरा आत घे. पलटणीचा मेळावा आहे. सगळे म्हातारे गणवेशात येणारेत."

टेलरबाईंनी टाचण्या लावल्या. "दोन इंच! अहो, पोट कुठं गेलं?"

"साखर सोडलीय."

बाई खूश. इतकी वर्षं सांगून ऐकलं नव्हतं, आता ऐकलं म्हणून शेजारणीला कौतुकानं सांगून आल्या. तीन महिन्यांनी कोट पुन्हा मशीनवर आला. मेळावा पुढं ढकलला होता म्हणे. आणखी दीड इंच.

"असेच वाळत राहिलात तर तिथं तुम्हाला नवरदेव समजतील," बाई म्हणाल्या. मेजर हसले, खोकला येईपर्यंत हसले. मग गेल्या मंगळवारी बाई चहा ठेवायला आत गेल्या आणि कप घेऊन बाहेर आल्या, तर मेजर खुर्चीतच गेलेले. झोपेत जावं तसे. काय झालं म्हणून विचारलं, तर मुलगा रडत "हृदय" एवढंच म्हणाला.

शुक्रवारी चर्च गच्च भरलं. ज्यांना मेजरांनी गाडी शिकवली ते सगळे आले होते. उघड्या शवपेटीपाशी त्यांचा पलटणीतला जोडीदार हात जोडून उभा राहिला.

"वहिनी, कोट अगदी मापात बसलाय हो. मला डॉक्टरांचं सांगायला आला होता तेव्हाच म्हणाला, जाईन तर याच कोटात, आणि तिच्याच हातचा."

"डॉक्टरांचं? कधी?"

जोडीदारानं जीभ चावली. टेलरबाईंनी मुलाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. चर्चच्या पाळकांकडे पाहिलं, तर ते आजच्या गीतांचा कागद उगाच सारखा करत बसले. त्या कागदावर अक्षर मेजरांचं होतं.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. दवाखान्यात मुलगा नेत होता. पाळकांसोबत मेजर तीन संध्याकाळी बसले होते. शवपेटी करणाऱ्या सुताराला माप स्वतः देऊन आले होते. साखर वगैरे काही नव्हतं, पोटातला आजार होता, आणि मेळावाही नव्हता. सगळ्यांचा निरोप घेऊन झाला होता. सगळ्यांना शपथ घातली होती. आणि बाईंनी हसत हसत, गाणी गुणगुणत, नवऱ्याचे शेवटचे कपडे शिवले होते. दोनदा.

"आई," लेक कुजबुजली, "बाबा म्हणाले, तिला कळलं तर ती हसायची बंद होईल. मला तिचं हसणं शेवटपर्यंत हवंय."

"त्यांना माझं हसणं हवं होतं. मला काय हवं होतं, ते कुणी विचारलं?"

टेलरबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला होता. परक्या माणसानं फसवलं तर माणूस चार शिव्या घालून मोकळा होतो. इथं फसवणारा देवमाणूस म्हणून ओळखला जाणारा, आणि त्याला सामील पोटची पोरं.

त्यांच्या चर्चच्या मंडळीत रीत अशी, की पेटी बंद करण्याआधी सगळ्यांत जवळच्या माणसानं चार शब्द बोलायचे. पाळकांनी घाबरत खूण केली. नाही बोलल्या तर बाईंना दोष देणारं तिथं कुणी नव्हतं. पण झाकण एकदा लागलं की संपलं, हे त्यांनाही कळत होतं.

टेलरबाई उठल्या. पदर खोचला.

"ते चांगले होते. तुम्ही म्हणता ते सगळं खरं आहे. पण माझ्याशी ते वाईट वागले. तुमच्यापैकी कितीतरी जणांशी शेवटचं बोलले, माझ्याशी नाही. तेव्हा आता तुम्ही सगळे बाहेर जा."

कुणी हललं नाही.

"जा म्हटलं ना! तुमचं बोलून झालंय."

बाकं करकरली. म्हातारे फौजी गेले, पोरं गेली, शेवटी पाळकही गेले, आणि दार लागलं. बाईंनी एक खुर्ची ओढत पेटीजवळ आणली, तिच्यावर बसल्या आणि कोपर पेटीच्या काठावर टेकलं.

"हं," त्या म्हणाल्या, "आता मला सांगा."