कांडीच्या खोलीची चावी

हबीबाभाभी आमच्या समोरच्या घरात राहायची. भिवंडीच्या जुन्या वस्तीत, खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीत तिचं बैठं घर होतं. पुढे पडवी, पडवीला लोखंडी गज आणि त्या गजांना कुलपं लटकवलेली. पितळी, लोखंडी, काही हाताच्या पंजाएवढी थोराड, काही दागिन्यांच्या पेटीची इवलीशी. प्रत्येक कुलपात त्याची चावी. नवीन माणसाला ते दुकान वाटायचं. किंमत विचारली की भाभी म्हणायची, "विकायला नाहीत. बघायला आहेत. बघ हवं तेवढं."

तिचा बाप होड्या बांधणारा सुतार होता, त्यामुळे कानस, पटाशी ही अवजारं तिच्या हाताला लहानपणापासून ठाऊक होती. नवरा अब्दुल नारपोलीत फखरुद्दीन सेठच्या यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करून पुन्हा चालू करणारा. सेठ त्याचा चुलतभाऊच. दोन्ही मुली लग्न होऊन कल्याणला आणि पनवेलला गेल्या होत्या. भाभी तेव्हा चाळिशी ओलांडलेली.

ब्याऐंशी साली तिच्या कपाटाची चावी हरवली. गल्लीतून हाका मारत जाणाऱ्या चावीवाल्याला तिनं बोलावलं आणि त्याच्या डोक्याशीच उभी राहिली. त्यानं एक कोरी, बिनखाचांची चावी कुलपात घातली, जोर लावून फिरवायचा प्रयत्न केला, बाहेर काढली, उन्हात तिरपी धरून पाहिली, कानशीनं जरा घासली, परत घातली.

"क्या देखता है उसमें?" भाभीनं विचारलं.

"दाग," तो म्हणाला. त्यानं चावी तिच्यासमोर धरली. आतल्या पट्ट्या जिथे अडतात तिथे कोऱ्या पितळेवर केसाएवढी खूण उमटते. घासायचं तिथेच, आणि तेही थोडंसंच. जास्त घासलं की ती चावी फुकट, दुसरी घ्या आणि पहिल्यापासून सुरू करा. कुलूप न उघडता, न मोडता, आत काय आहे ते त्या खुणांवरून ओळखत जायचं.

कपाट उघडलं. भाभीनं त्याच्याकडे चार कोऱ्या चाव्या मागितल्या. तो हसला. "आपा, ये औरतों का काम नहीं."

"बाईचं कपाट उघडायला येतोस ना? मग बाईला चाव्या द्यायला काय होतं? आण इकडे."

पहिलं कुलूप उघडायला तिला सबंध रमजान लागला. कितीतरी चाव्या वाया गेल्या. नंतर ती भंगारवाल्याकडून बिनचावीची कुलपं वजनावर आणू लागली. सकाळी घरकाम उरकलं की पडवीत उन्हाच्या तिरिपेत बसायची. ओढणी मागे खोचलेली, ओठ आवळलेले, चावी डोळ्यांपाशी. कुलूप फिरलं की मोठ्यानं हसायची. रस्त्यावरचे लोक दचकून बघत.

तिचा एकच नियम होता. कुलूप जिचं किंवा ज्याचं, त्यानं स्वतः आणून दिलं तरच चावी करायची. शेजारणींच्या पेट्या, ट्रंका तिनं उघडून दिल्या, पण कुणाचा नवरा बायकोच्या ट्रंकेचं कुलूप घेऊन आला तर त्याला परत पाठवलं. "तिला पाठव," एवढंच म्हणायची.

लोक बोलत. जमातीतल्या दोघा वडीलधाऱ्यांनी अब्दुलला थांबवून सांगितलं, की हे चोरांचं काम आहे, घरातल्या बाईला शोभत नाही. अब्दुल मुळात कमी बोलणारा. तो म्हणाला, "तिला सांगा." तिला सांगायची कुणाची छाती झाली नाही. मग शहाऐंशीत गल्लीच्या टोकाला एका घरात चोरी झाली. कुलूप फोडलेलं नव्हतं. दोन दिवस सगळी गल्ली भाभीच्या दाराकडे बघून बघून जात होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं घरातली सगळी कुलपं बाहेर काढली आणि पडवीच्या गजांना एकेक लटकवली, चाव्यांसकट. आम्ही सगळे दारात उभे होतो.

"ज्याला शंका आहे त्यानं आपल्या घरची चावी आणून इथल्या चाव्यांशी लावून बघावी," ती म्हणाली. "मी घरात तोंड लपवून बसणार नाही. उद्यापासूनही इथेच बसणार."

कुणी आलं नाही. चोर पुढे सापडला, त्याच घराचा भाचा निघाला. पण कुलपं तिनं खाली काढली नाहीत.

खरी गोष्ट एक्याण्णवच्या मे महिन्यातली. फखरुद्दीन सेठच्या कारखान्यामागे कांडीची खोली होती. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. त्या भरायचं काम बायकांचं. आठ-दहा जणी तिथे बसायच्या, बऱ्याचशा कोन गावाच्या बाजूच्या पाड्यांवरून येणाऱ्या. पत्र्याचं छप्पर, खिडकी नाही, एकच दार. सूत चोरीला जातं असं सेठच्या मनानं घेतलं होतं. म्हणून शिफ्ट सुरू झाली की मुकादम त्या दाराला बाहेरून चावी फिरवून निघून जाई. कुलूप दारातच बसवलेलं होतं, दोन्ही बाजूंनी चावी लागणारं. चावी एकच, मुकादमाच्या खिशात.

एका दुपारी लाईट गेली. आतला पंखा थांबला. गुणाबाई नावाची वयस्क बाई बसल्या जागी कोसळली. बायकांनी दार बडवलं. मुकादम कल्याणला गेला होता. अब्दुल आणि लूमवरची माणसं धावली, पण दार जाडजूड, हलेना. शेवटी अब्दुलनं छपरावर चढून पत्रा उचकटला आणि तिला दोरानं वर ओढून काढलं. गुणाबाई वाचली, पण तिचा डावा हात त्या दिवसापासून लुळा पडला. सेठनं संध्याकाळपर्यंत नवा पत्रा ठोकून घेतला. कुलूप तसंच ठेवलं.

अब्दुलनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी भाभीकडेच बसले होते. ती ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "उद्या परत कोंडणार?"

"हो."

"तू काही बोललास?"

"बोललो. म्हणाला, तुझं काम लूमचं, लूम बघ."

दोन दिवसांनी तानी आली. कांडी भरणारी, पंचविशीची, तरतरीत डोळ्यांची. पडवीच्या पायरीवर बसली आणि कुलपांकडे बघत म्हणाली, "भाभी, दार लावला ना, की जीव घुसमटतो आमचा. गुणाबाई मरता मरता वाचली. तुमी चाव्या करता ना? आमाला एक करून द्या. आत खिळ्याला टांगून ठेवू. पळून जायाचा न्हाय आमाला. नुसती हाय म्हणून बरा वाटंल."

"कुलूप सेठचं आहे," भाभी म्हणाली.

"कुलूप त्याचा हाय. आमी त्याच्या हाव का?"

तानी निघून गेल्यावर भाभीनं भाताचं आधण ठेवलं, तांदूळ मात्र टाकायला विसरली. पाणी आटून भांडं करपलं तेव्हा उठली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती रिक्षानं नारपोलीला गेली. हातात स्टूल, पिशवीत कोऱ्या चाव्या आणि कानशी. कारखान्यामागच्या गटारालगतच्या बोळात शिरली, कांडीच्या खोलीसमोर स्टूल मांडलं आणि बसली. आतून बायकांचे आवाज येत होते. तिनं दारावर थाप मारली. "तानी, मी आले. दाराला टेकू नका."

मुकादम पळत आला. "भाभी, ये क्या कर रहे हो? सेठ को मालूम है?"

"मालूम करून दे. मी इथेच आहे."

सेठ स्कूटरवरून आला तोवर तिच्या हातातल्या चावीवर तीन खाचा पडल्या होत्या. बोळात माणसं जमली होती. अब्दुलही कारखान्यातून बाहेर येऊन उभा होता.

"भाभी, घरची माणसं आहात म्हणून इज्जतीनं सांगतो," सेठ म्हणाला. "उठा. माझं दार आहे."

"दार तुझंच आहे. मी नेत नाही कुठे." तिनं चावी बाहेर काढून उन्हात धरली. "आत बायका आहेत. दार उघडं ठेव, मी आत्ता उठते."

"माल जातो माझा!"

"मग जाताना पिशव्या बघ. माणसं कोंडू नकोस."

सेठ अब्दुलकडे वळला. "हिला घरी ने. नाहीतर उद्यापासून तू कामावर येऊ नको."

सगळे अब्दुलकडे बघू लागले. तो हळूच पुढे आला, भाभीच्या पाठीशी उभा राहिला आणि म्हणाला, "ऊन लागतंय तुला. जरा अलीकडे सरक." आणि आपली सावली तिच्यावर धरून तिथेच थांबला.

बऱ्याच वेळानं चावी फिरली. दार उघडलं. घामानं निथळलेल्या बायका बाहेर आल्या. भाभीनं चावी तानीच्या हातात दिली आणि स्टूल उचललं.

अब्दुलची नोकरी गेली. चार दिवसांत सेठनं दाराला नवं कुलूप बसवलं आणि बोळाच्या तोंडाशी दोन माणसं उभी केली, हबीबा दिसली तर आत सोडायचं नाही म्हणून. भाभीनं तानीकडून एक जुनं लुगडं मागवलं. ते नेसून, पदर डोक्यावरून ओढून ती सकाळी कांडीवाल्या बायकांच्या घोळक्यात मिसळली आणि त्यांच्याबरोबर आत गेली. मुकादमानं बाहेरून कुलूप लावलं. आत भाभी दारापाशी मांडी घालून बसली. बायका कांड्या भरत होत्या, त्यांतली एक बॅटरी धरून होती. पहिल्या दोन चाव्या वाया गेल्या. उकाड्यानं बोटं घसरत होती. तिसऱ्या चावीनं कुलूप उघडलं. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा मुकादम चावी घेऊन आला, तर दार सताड उघडं आणि सगळ्या जणी बोळात डबे खात बसलेल्या. मधोमध लुगडं नेसलेली हबीबाभाभी.

"बस, तू पण खा," तिनं त्याला भाकरी पुढे केली.

त्या दिवशी कारखान्यातले लूमवाले पोटभर हसले. त्या हसण्यानंच सेठचं डोकं फिरलं. त्यानं पोलिसांत तक्रार केली, की अब्दुलची बायको घुसखोरी करते, बनावट चाव्या बनवते.

पोलिसांनी भाभीला चौकीत बोलावलं. तिथे फौजदार साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. यापुढे चाव्या बनवणार नाही, असं त्यावर लिहिलं होतं. भाभीनं तो अब्दुलकडून वाचून घेतला.

"सही नाही करणार."

"बाई, सही करा आणि घरी जा. प्रकरण संपलं."

"मी घरी जाऊन परत चावीच करणार. मग खोटी सही कशाला करू? तुम्हाला लिहायचं तर लिहा, हबीबा चाव्या बनवते, बनवणार. मी सही करते."

"मग बसा बाकावर."

ती बसली. दुपार कलली. ड्युटी सुटल्यावर तानी आणि बाकीच्या बायका आल्या आणि चौकीच्या अंगणात बसल्या. गुणाबाईही आली होती, लुळा हात पदरात घेऊन. साहेबांनी बाहेर येऊन विचारलं, बायकांनी कोंडण्याचं सगळं सांगितलं. मग साहेबांनी सेठला बोलावून घेतलं.

"तक्रार नीट लिहून घेतो," ते म्हणाले. "बाहेरून कुलूप, आत बायका, एकीचा हात गेलेला. हे सगळं त्यात येणार. लिहू?"

सेठ घाम पुसत उभा राहिला. मग म्हणाला, राहू द्या.

महिन्याभरात त्या दाराचं कुलूप निघालं आणि आतून कडी बसली. तानीला मात्र सेठनं कामावर ठेवलं नाही. ती कशेळीच्या एका गोदामात लागली आणि तिथेही मुकादमाशी भांडत राहिली, असं कानावर यायचं. गुणाबाईला सेठनं काहीच दिलं नाही. भाभी तिच्या पाड्यावर जाऊन यायची. अब्दुलला दुसरीकडे काम मिळालं; चांगल्या जॉबरला नारपोलीत कोण नको म्हणणार? सेठच्या घरच्या लग्नांना पुढे त्या दोघांना बोलावणं आलं नाही. भाभीनं त्याचं वाईट वाटून घेतलं नाही, निदान आमच्यासमोर तरी नाही.

अठ्ठ्याण्णवमध्ये मी भिवंडी सोडली. निघताना तिला भेटायला गेले, तर पडवीतच होती. आता चष्मा, त्यावर हातात भिंग. मांडीवर एक बोजड कुलूप होतं, कुण्या खलाशानं आणून दिलेलं. दोन वर्षं ती त्याच्याशी झटत होती आणि अजून ते उघडलं नव्हतं.

"भाभी, सोडा आता ते," मी म्हटलं. "डोळे जातील."

तिनं चावी उजेडात धरली, कुठेतरी काहीतरी दिसलं असावं, कारण कानस उचलली.

"जाऊ देत," ती म्हणाली. "बोटं आहेत."