दुसऱ्या सीझनची मिशी

बाबा गेले तेव्हा माझी मिशी माझी नव्हती. आता हे लिहिताना मलाच हसू येतं. पण तेव्हा मी ते नदीवर, चारचौघांसमोर, अगदी ठासून सांगितलं होतं.

आमचं घर तळेगावात आहे आणि मी कारंजाच्या कॉलेजात शिकवतो. दोन वर्षांपूर्वी मुंबईहून एक टोळी आमच्या भागात वेब सिरीजचं शूटिंग करायला आली. गावात एक माणूस नाहीसा होतो, अशी काहीशी गोष्ट होती. स्नेहसंमेलनात नाटकं बसवणारा मास्तर म्हणून कुणीतरी माझं नाव सुचवलं आणि मला पोलीस पाटलाचं काम मिळालं. त्यासाठी मी दोन महिने मिशी वाढवली. माझे प्रसंग मोजकेच होते, पण सगळ्यात शेवटचा माझाच होता. पोलीस पाटील विहिरीच्या काठावर येतो, वाकून आत बघतो, त्याचा चेहरा बदलतो, आणि सीझन संपतो. विहिरीत काय आहे ते दुसऱ्या सीझनमध्ये कळणार होतं.

शेवटच्या दिवशी एका मुलीनं माझे चारही बाजूंनी फोटो काढले. कुणाचं बटण उघडं होतं, कुणाचा भांग कुठे होता, याची नोंद ठेवणं हेच तिचं काम होतं. ती म्हणाली, "सर, पुढचा सीझन ह्याच क्षणापासून सुरू होणार. केसांना आणि मिशीला हात लावू नका. मी फोन करेन." तिनं विनंती केली होती. मी ती आज्ञा म्हणून डोक्यावर घेतली. पुढचं वर्षभर मी केस फक्त टोकाटोकाला कापून घेतले, तेही फोटो समोर ठेवून. मिशी चहात बुडायची. वर्गात पोरं हसायची. मला त्याचा राग येत नव्हता, उलट बरं वाटायचं. पन्नाशीला आलेल्या माणसाला कुणीतरी मुंबईत आपली वाट पाहतंय, हे सुख काही लहान नसतं.

सिरीज मोबाईलवर आली तेव्हा गावात उत्सव झाला. चावडीपुढे एका फोनभोवती तीस-चाळीस माणसं जमायची. माझा प्रसंग आला की पाहायची, संपला की बोटानं पुढे सरकवायची. पूर्ण सिरीज गावात कुणी पाहिली असेल, असं मला वाटत नाही.

बाबांनी मात्र ती सगळी पाहिली. ऐंशी ओलांडलेले बाबा बाजेवर बसून, चष्मा कपाळाशी धरून, माझ्या पुतणीच्या मोबाईलवर पाहायचे. पुतणी म्हणजे थोरल्या भावाची, दादाची मुलगी. शेवटचा प्रसंग तर बाबांनी किती वेळा पाहिला कोण जाणे.

"काय हाय रे त्या इहिरीत?" ते मला विचारायचे.

"मले नाई माहीत, बाबा. त्यायनं सांगतलंच नाई."

"तू त वाकून पाह्यलं नं?"

"आत कचरा होता."

"कचऱ्याले पाहून एवढा भेला?" आणि मग दात नसलेलं तोंड उघडून हसायचे. "बरं, मिशी सांभाळजो. मले पुढचं पाहाचं हाय."

ते त्यांना पाहायला मिळालं नाही. हिवाळ्यात दोन दिवस छातीत कफ भरला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

आमच्याकडे दहाव्या दिवशी नदीवर मुलांनी डोक्यावरचे केस आणि मिशी काढायची असते. आई गेली तेव्हा मी काढली होती. या वेळी मी चौथ्या दिवशी त्या मुलीला फोन लावला. वडील गेले, केस द्यावे लागतील, नंतर खोटी मिशी चालेल का, असं विचारलं. ती म्हणाली, "सॉरी सर, फार वाईट झालं. मी विचारून सांगते." तिचा फोन आला नाही. दहाव्याच्या सकाळी नदीवरसुद्धा मी मोबाईल हातातच धरून उभा होतो.

दादा उघड्या अंगानं दगडावर बसला होता. न्हाव्यानं त्याची मिशी काढली आणि तो एकाएकी म्हातारा दिसायला लागला. तो सरकला. "ये, बस," म्हणाला.

"मी नाई काढत, दादा."

"काऊन?"

"माहं शूटिंग हाय. ह्याच मिशीवर पुढचं सुरू होते. ते आता माह्या हातात नाई."

"बाप मेला तुहा," दादा म्हणाला. त्याचा आवाज चढलासुद्धा नाही.

"बाबानंच सांगतलं होतं मले, मिशी सांभाळजो म्हून."

ते ऐकून दादानं मान खाली घातली. बाबांची थट्टा मी त्यांच्याच दहाव्याला साक्षीला उभी केली होती, आणि मला ते त्या क्षणी फार बिनतोड वाटलं. त्यात पिंडाला कावळा लगेच शिवला. मी आजूबाजूला पाहून म्हणालोसुद्धा, की पाहा, बाबांची काही हरकत नाही. दादा त्या दिवसापासून माझ्याशी बोलायचा थांबला. तेरवीला त्यानं माझं ताट वाढायला लावलं, पण शेजारी बसला नाही.

दोन महिन्यांनी पुतणीचा नागपूरहून फोन आला; ती आता तिथे शिकत होती. "काका, ते बंद केलं त्यायनं. दुसरा सीझन नाई येत."

"काऊन?"

"लोक शेवटपर्यंत पाहत नाई म्हणते. आजकाल असंच हाय, काका. अर्ध्यावरच सोडून देते."

आईच्या काळातल्या मालिका मरता मरत नसत. मेलेली पात्रंही परत यायची आणि आई त्यांना नावं ठेवत पाहत राहायची. आता जिवंत माणसाला विहिरीवर वाकलेलं ठेवून सगळे घरी जातात. मला चावडीवरची ती पुढे सरकणारी बोटं आठवली. कुणाला दोष द्यायचा?

मी त्या मुलीला फोन केला. तिनं लगेच उचलला. "सर, तुमचा फोन आला त्याच्या आठवडाभर आधीच आम्हाला कळलं होतं. पण तुम्ही वडील गेल्याचं सांगितलं. त्यात हेही कसं सांगू? म्हटलं, थोडे दिवस जाऊ देत." मग ती दुसऱ्या कामाला लागली होती आणि तेही बंद पडलं होतं. तिनं केलेलं एकही काम दुसऱ्या सीझनपर्यंत पोचलं नव्हतं, असं तिनंच सांगितलं. माझ्यावर दया म्हणून ती गप्प राहिली होती. तिच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं, आणि फोन ठेवून दिला.

अंगणात आलो. दादा दावं वळत बसला होता. त्याच्या डोक्यावर केस आता बोटभर उगवले होते, मिशीही भरत आली होती. मला ते पाहवेना. मी चप्पल घालून थेट स्टँडजवळच्या न्हाव्याकडे गेलो. नदीवर दादाचं डोकं करणारा तोच.

खुर्चीत बसल्यावर त्यानं सवयीनं विचारलं, "फोटो आणला काय, सर?"

"नाई. सगळं काढ. मिशीबी."

वस्तरा हातात घेऊन तो थांबला. दुकानात दोन माणसं बसली होती, म्हणून त्यानं खाली वाकून हळूच विचारलं, "आता कोन गेलं, सर?"

"बाबा," मी म्हणालो.