आकडा चढला त्या दिवशी

उसाच्या फडात वारं सुटलं की चांगुणामामीला सहादेवमामा दिसतो. पाथर्डीचा मानूस, सारा जलम ऊसतोडीत गेला. कारखान्याचा मानूस रसाचा थेंब मीटरवर टाकून गोडी बघायचा. आकडा चढला की मामा खूश, म्हनायचा फड तयार झाला.

करोनात मामाला ताप आला, पन बसून चहा पीत हुता. रक्ताचा रिपोर्ट मामीच्या मोबाईलवर आला. आयएल-सिक्स का कायतरी लिवलेलं.

"किती हाय गं आकडा?"

"दोनशेच्या वर."

"मंग मी तोडीला आलो की! तू उगं रडती."

मामीबी हसली. उद्या जाऊ दवाखान्यात, म्हनली.

दुसऱ्या दिवशी मामाला दम लागला. डॉक्टर म्हनले, "मावशी, हा आकडा अंगातल्या सुजेचा, त्यो कमीच असावा लागतो. फुफ्फुस बिघडायच्या आधी रक्त सांगत असतं. कालच यायचं हुतं." चौथ्या दिवशी मामा गेला.

आता पाती सळसळली की पल्याडच्या सरीतनं मामा इचारतो, "किती हाय गं?"

मामी कोयता खाली ठिवती, हळूच म्हनती, "लई हाय. चला, आजच जाऊ."