भट्टीच्या दारातली तोफ

तोफ बघायला कुणी जालन्याला जातं का हो? आम्ही गेलो. समुद्र तिथून कुठल्या कुठे, आणि तोफ मात्र जहाजावरची. अलिबाग सोडल्यापासून मी देवाचं नाव घेत होते.

फोन रऊफचा. हे नौदलात तोफेवर होते, तेव्हाच्या जहाजावरच्या सोबत्याचा हा मुलगा, जालन्यात भंगाराचा धंदा करतो, पोलादाच्या भट्ट्यांना माल देतो. म्हणाला, "चाचा, जुन्या जहाजाच्या मालात आख्खी तोफ आली. कटरवाले हात लावून न्हाई राह्यले (लावत नाहीत). आत गोळा असला तर? तुम्ही चालवली, तुम्हीच सांगा."

"अरे, पोलिसांना कळव!" मी ओरडले.

"कळवलं चाची. बॉम्बनाशक पथक उद्या येतंय."

हे पिशवी भरायलासुद्धा लागले. पंचाहत्तरी उलटलेली, हात थरथरतो, कान तर त्या तोफेनंच नेलेत. पण कुणी "तुम्हाला माहीत असेल" म्हटलं, की "मला नाही माहीत" म्हणणं यांना जन्मात जमलेलं नाही. भीती होती ती याचीच.

बदनापूर मागे पडलं तशी मोसंबीची झाडं दिसायला लागली. शेजारच्या बाईनं एक मोसंबी हातात ठेवली. मी पिशवीत टाकली. हे तिला तोफ समजावत होते, अख्खी गाडी ऐकत होती. स्वीडनची बनावट, दुसऱ्या महायुद्धात कितीतरी देशांच्या जहाजांवर होती. अंगावर येणाऱ्या विमानावर धडाधड मारा करायचा. हातभर लांब गोळे, चार-चारांचा जुडगा वरून भरायचा, ते यांचं काम. एकाहत्तरच्या लढाईतही यांच्याकडे हीच. पुढे क्षेपणास्त्रं आली आणि हिची किंमत उतरली.

"मंग विमान किती पाडले यांनी?" बाईनं मला विचारलं.

"एकही नाही. हळू बोला, तेवढंच नेमकं ऐकू येतं त्यांना."

नवीन जालन्यात रऊफ न्यायला आला. त्याच्या बायकोनं येसर आमटी (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची) आणि भाकरी वाढली. यांनी दोनदा घेतली. माझा घास फिरत राहिला.

मग भंगाराच्या आवारात गेलो. गंजलेली तोफ, नळी आभाळाकडे, आणि भोवती चिटपाखरू नाही. माणसं सगळी लांब लिंबाखाली. पथक यायचं होतं. भट्टीचा मुकादम मात्र घाईला आलेला. "चाचा, फक्त खाली (रिकामी) हाय म्हना. जल्दी कापून टाकतो."

हे सरळ तोफेकडे निघाले. मी हाका मारल्या, पण मागून हाक मारून उपयोग काय? धावले, सदरा धरला. तेवढ्यात हे आपणहून थांबले. हात वर गेला, तसाच खाली आला.

"मला नाही सांगता येणार," म्हणाले.

मुकादम हसला. "इतक्या दूरून हेच सांगाया आल्ते का?"

यांना ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. रऊफकडे वळून म्हणाले, "गोळा उडाला नाही, तर मागचं झाकण उघडायचं नाही. बाजूला व्हायचं, थांबायचं. एकदा वर विमान होतं अन् आम्ही असे थांबलेलो. मी उघडायला निघालो, तर तुझ्या बापानं माझा हात धरून ठेवला."

रऊफनं हे कधी ऐकलं नव्हतं. तो मुकादमाला म्हणाला, "कटर बंद. चहा मागवा."

दुपारी पथक आलं, सगळ्यांना फाटकाबाहेर काढलं. आम्ही परतीची गाडी धरली. वाटेत फोन वाजला. "चाची, खालीच निघाली. आत गांधीलमाश्यांचं पोळं! सगळे हसून राह्यलेत."

मी यांच्या कानात ओरडून सांगितलं. वाटलं, यांचा चेहरा पडेल.

"सगळे हसतायत ना?" हे म्हणाले. "म्हणजे सगळे आहेत."

जहाज गेलं की मी घरी वाट बघत थांबायची, वर्षानुवर्षं. तिकडे हेही असेच थांबत होते, कुणीतरी यांचा हात धरून ठेवत होतं, हे मला जालन्याला जाऊन कळलं.

पिशवीतली मोसंबी काढली, सोलली. अर्धी यांना दिली. दोन दिवसांत पहिल्यांदा घशाखाली काही नीट उतरलं.