समुद्रकाठचे रोडगे

हाताचा पंजा सरळ पुढे करायचा, एसटीला हात दाखवल्यासारखा, आणि म्हणायचं, "थांब ना, गणित. घाई कायची हाय?" आमचे भूगोलवाले सर दिवसातून दहादा तरी हे करत. शाळेत ते कुणालाच नावानं हाक मारत नसत. मी गणित, पलीकडच्या टेबलावर इंग्रजी आणि मुख्याध्यापक म्हणजे नुसते हेड. तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा असेलच, ज्याच्यापायी रोज उशीर होतो आणि ज्याच्यावर कुणाला रागावता येत नाही. मी मात्र रागवायचो. भरपूर रागवायचो.

अकोल्याच्या आमच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्तीला दोन महिने उरले असताना त्यांनी आठवीला भरती-ओहोटीचा धडा काढला. फळ्यावर पृथ्वी काढली, चंद्र काढला, बाण काढले. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, तुमी पायली काय भरती?"

सरांनी खडू खाली ठेवला. "नाही पायली," म्हणाले. "पाहून येतो, मंग सांगतो." आणि धडा तिथंच सोडला. पुढचे सगळे धडे झाले, हा तसाच राहिला. हेड वैतागले आणि मलाच म्हणाले, तुमचं ऐकतात, तुम्ही समजवा. माझं ते कधी ऐकत होते कोण जाणे, पण मी गेलो.

"खोटं नाही सांगितलं मी इतकी वर्षं," सर म्हणाले, "पण पायल्यावानी सांगितलं. त्या पोरीले आता काय सांगू? जाता जाता एक धडा तरी पाहून शिकवू दे." आणि मग, "तुही गाडी नवी हाय ना?"

जानेवारीत तीन सुट्ट्या लागून आल्या. गाडी घेऊन मला जेमतेम महिना झाला होता, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं. त्या सीटवर सरांनी गोवऱ्यांचं पोतं ठेवलं. "हे काहून?" मी विचारलं. "रोडगे नाही करायचे का? बाहेर रायचं म्हणजे रोडगे." आमच्या वऱ्हाडात मोकळ्यावरचं जेवण म्हणजे तेच. नदीच्या पात्रात गोवऱ्या पेटवायच्या, कणकेचे गोळे त्यात भाजायचे, वर वांग्याची भाजी. शाळेच्या स्काऊटचा तंबू, कणकेचा डबा, तुपाची बरणी आणि वांगी डिकीत होती. मुक्कामाला नाशिकला पोचेस्तोवर माझ्या नव्या गाडीला गोठ्याचा वास लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डीला, गुजरातच्या वेशीपाशी, समुद्र दिसला. इतक्या वर कशाला, अलिबागला गेलो असतो, असं मी म्हणून पाहिलं होतं. "नकाशा वरून खाली वाचतेत," एवढंच उत्तर मिळालं होतं. मग आम्ही किनाऱ्यानं खाली निघालो. निघालो म्हणजे काय, दर दोन किलोमीटरला खिडकीतून पंजा बाहेर. चिकूच्या वाडीपाशी थांबा. सुरूच्या झाडांत थांबा. बांबूवर वाळत घातलेले बोंबील पाहून सर उतरले आणि माळकरी माणूस अर्धा तास त्या बाईला विचारत बसला, हे किती दिवस वाळवता, पाखरं नेत नाहीत का. ते मूळचे अंजनगाव सुर्जीचे. त्यामुळं नारळाच्या वाडीला "आमच्या पानमळ्यावानी गार हाय" आणि वाळूला "आमच्या शहानूर नदीच्या पात्रावानी हाय" असं प्रमाणपत्र मिळत गेलं. तासाभराचा रस्ता आम्ही दुपारचे चार वाजेपर्यंत पुरवला. मी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं तर म्हणाले, "डोकं दुखते काय? चिकू खा."

डहाणूच्या खाली एका लांबरुंद किनाऱ्यावर ते एकदाचे म्हणाले, "हे बराबर." पाणी पार लांब गेलं होतं आणि मधली वाळू सिमेंटसारखी टणक होती. मी म्हटलं, झाडांपाशी तंबू लावू. सर म्हणाले, पाण्याजवळ. का? तर कणीक भिजवायची असते, हात धुवायचे असतात, पात्रात लोक पाण्याजवळच बसतात! प्यायचं पाणी आपण कॅनमध्ये आणलंय, समुद्रात कणीक भिजवत नाहीत, हे सांगूनही उपयोग झाला नाही. गाडीसुद्धा खाली आणायला लावली. वांगी कोण वाहून आणणार?

"आणि भरती?" मी विचारलं.

त्यांनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडं, ढ पोराकडं पाहावं तसं. "आत्ता ओहोटी हाय. भरतीले सहा तास लागतेत. दहा वाजता येईन. तवरिक रोडगे खाऊन आपण वर जाऊन बसतो."

एक कोळी चालला होता. तो म्हणाला, "काका, गाडी वर घ्या, पाणी फिरलंय केव्हाच." सरांनी पंजा दाखवला. "वेळ हाय बावा. पुस्तकात हाय."

तीस वर्षं शिकवलेल्या माणसापुढं मी काय बोलणार? गोवऱ्या लाल झाल्या, रोडगे राखेत गेले, सूर्य टेकला. वाफ आली म्हणून मी मागं पाहिलं तर गोवऱ्यांच्या आरावर पाणी चढलं होतं. चर्रकन आवाज झाला आणि आमचं जेवण काळं होऊन तरंगायला लागलं. गाडीची चाकं वाळूत रुतली होती. मी रेस केली तर आणखी खाली. तो कोळी पाच-सहा जणांना घेऊन पळत आला, मी ढकलतोय, ओरडतोय, "सर, हात लावा!" आणि सर कुठं? तंबू एका काखेत, गुडघाभर पाण्यात, समुद्राकडं तोंड करून उभे. पंजा पुढं. थांब म्हणत होते.

मग तो हात हळूच खाली आला. "गणित," ते ओरडले, "आली बे! खरंच येते!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी त्यांना नाही नाही ते बोललो. वयाचाही विचार केला नाही. गाडी वर निघाल्यावर सुरूखाली बसून आम्ही उरलेले चिकू खाल्ले, आणि मी परतीच्या वाटेवर जळगाव येईपर्यंत त्यांच्याशी बोललो नाही.

सोमवारी त्यांनी आठवीला धडा पुरा केला. मी व्हरांड्यात उभा राहून ऐकलं. त्यांनी आधी स्वतःची चूक सांगितली. "पाणी दिसलं तवा मी घड्याळ लावलं. पाणी कवाचंच फिरलं होतं. ते आपल्यासाठी थांबून नसते, येऊनच राह्यलं असते." त्या पोरीनं ते वहीत लिहून घेतलं. महिनाअखेरीस ते निवृत्त झाले आणि अंजनगावला गेले. दीड वर्षानं तिथंच, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. निरोप आला तेव्हा मी पेपर तपासत होतो. जळगावपर्यंतचा तो अबोला मला फार लागला, अजून लागतो.

त्यांची जागा भरली गेली नाही. आठवीचा भूगोल माझ्याकडं आला. गाडीच्या दाराखाली खाऱ्या पाण्यानं गंज धरलाय, तो मी काढून घेतलेला नाही.

परवा तो धडा आला. मी चंद्र काढला, बाण काढले, आणि वर्गाकडं वळून स्वतःच म्हणालो, "भरती मी पाहिलीय. आमचे रोडगे गेले तिच्यात." वर्ग हसला आणि मग ऐकायला लागला. मी गोवऱ्यांच्या पोत्यापासून सुरुवात केली. सर पाण्यात उभे आहेत इथवर आलो आणि घंटा झाली. पोरं दप्तरं उचलायला लागली.

माझा पंजा पुढं झाला. "थांबा ना," मी म्हणालो. "घाई कायची हाय?"